तळं उथळच राहू द्या

शहर वाढत वाढत एखाद्या उथळ तळ्यापर्यंत पोचलं की पुढचा क्रम जवळपास ठरलेला असतो. आधी काठावर राडारोडा पडू लागतो आणि बघता बघता त्याचा भराव होतो. मग नव्या वस्त्यांचं सांडपाणी नाल्यातून येऊन मिळतं. पाणी हिरवं पडतं, दुर्गंधी सुटते, एखाद्या सकाळी मेलेले मासे तरंगताना दिसतात. तक्रारी होतात, बातम्या येतात आणि अखेर निविदा निघते. तिच्यात काय असणार हेही ठरलेलं असतं: गाळ काढून खोलीकरण, चारी बाजूंनी दगडी पिचिंग म्हणजे काठाला दगडांचं अस्तर, त्यावर फरशीची वाट, दिव्यांचे खांब, मधोमध कारंजं. या सगळ्याला पुनरुज्जीवन म्हणतात.

यामागे वाईट हेतूच असतो असं मी म्हणत नाही. तळं जगावं असं मनापासून वाटणारी माणसंही हीच मागणी घेऊन अर्ज करतात. पण त्या मागणीच्या मुळाशी एक चुकीची समजूत आहे: तळं उथळ झालं म्हणून बिघडलं, तेव्हा खोल केलं की सुधारेल. अशी कितीतरी तळी मुळातच उथळ होती आणि उथळ होती म्हणूनच जिवंत होती. सांडपाणी तसंच येऊ देऊन त्यांची खोली वाढवणं आणि काठ बांधून काढणं म्हणजे भरपूर पैसे खर्चून त्यांना मारणं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

उथळ तळं म्हणजे कमी पाण्याचं खोल तळं नव्हे. दोघांची जगण्याची रीतच निराळी. खोल तळ्यात उन्हाळ्यात वरचं कोमट पाणी खालच्या गार पाण्यावर तरंगत राहतं आणि महिनोन्‌महिने हे थर मिसळत नाहीत. तळाशी गेलेला पालापाचोळा, मेलेलं शेवाळ आणि त्यांच्यातलं फॉस्फरस निदान त्या हंगामापुरतं तरी बाजूला पडतं. दोन-तीन मीटरच्या तळ्याला ही सोय नाही. वारा सुटला की लाटा तळापर्यंत ढवळतात, गाळात बसलेली पोषकद्रव्यं पुन्हा पाण्यात येतात. एकदा आत आलेली घाण अशा तळ्यात सहजासहजी नजरेआड होत नाही. मात्र खोल तळ्याला जे फक्त काठालगत मिळतं, ते उथळ तळ्याला सगळीकडे मिळतं: तळापर्यंत पोचणारं ऊन. त्या उन्हावर तळभर पाणवनस्पती वाढतात, आणि पुढचं सगळं त्या वनस्पतींवर उभं असतं. त्यांची मुळं गाळ धरून ठेवतात. त्यांची पानं लाटांचा जोर मोडतात. त्यांच्या गर्दीत डॅफ्नियासारखे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव माशांपासून लपतात आणि पाण्यातलं शेवाळ खाऊन पाणी नितळ ठेवतात. पाणी नितळ राहिलं की ऊन तळापर्यंत जातं आणि वनस्पती वाढत राहतात.

हेच चक्र उलटंही फिरतं. सांडपाण्यातून फॉस्फरस वाढलं की शेवाळ वाढतं, पाणी गढूळ होतं, तळाला अंधार पडतो, वनस्पती मरतात. मग गाळ धरायला कोणी उरत नाही. त्यात तळ उकरून खाणारे कार्पसारखे मासे असले तर गढूळपणा आणखी वाढतो. डच परिसंस्थाशास्त्रज्ञ मार्टेन शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये हे नीट मांडून दाखवलं. उथळ तळ्याच्या दोन स्थिर अवस्था असू शकतात, एक वनस्पतींची नितळ आणि दुसरी शेवाळाची गढूळ, आणि दोन्ही स्वतःला टिकवून धरतात. म्हणून पहिल्या अवस्थेतून दुसरीत जाणं सोपं आणि परत येणं फार अवघड. नेदरलँड्समधल्या वेलुवमेर तळ्याचा अनुभव हेच सांगतो. १९६०च्या दशकाच्या अखेरीस ते गढूळ झालं. १९७९ पासून तिथे सांडपाण्यातलं फॉस्फरस काढायला सुरुवात झाली, तरी पाणी खऱ्या अर्थानं नितळ व्हायला १९९०चं दशक उजाडलं. ज्या पातळीला तळं बिघडलं होतं त्या पातळीवर फॉस्फरस आणून भागलं नाही, त्याच्या बरंच खाली जावं लागलं. तळ ढवळणारे मासेही कमी व्हावे लागले.

हे एवढं तपशिलात सांगितलं, कारण खोलीकरणाचा निर्णय घेणाऱ्या बैठकीत बोलायला हवा तो हाच विषय. तळाला ऊन मिळणं हा ज्या तळ्याचा प्राण आहे, त्याचा तळ आपण अंधारात लोटतो. सरसकट चार-पाच मीटर खणलेल्या भागात, सांडपाणी तसंच चालू असताना, पाण्याचे थर पडू लागतात. खालच्या थरातला प्राणवायू संपतो, आणि प्राणवायू संपला की गाळात लोहाशी बांधलेलं फॉस्फरस सुटून वर येतं. एखाद्या वादळी दिवशी ते खालचं कुजकं पाणी वर मिसळलं की मासे मरतात. खणताना तळाचा चिकणमातीचा थर फुटला तर पाणी झिरपून जाण्याचीही भीती असते. म्हणजे ज्या तक्रारींवर उपाय म्हणून यंत्रं आणली, त्याच तक्रारी काही वर्षांनी जास्त जोरानं परत येतात.

खोलीकरणाच्या बाजूनं सर्वांत जोरकस म्हणून मांडला जाणारा मुद्दा पुराचा असतो. तळं खोल केलं की जास्त पाणी मावेल आणि शहर बुडणार नाही. हे ऐकायला इतकं सरळ वाटतं की कोणी हिशेब करत नाही. समजा १०० हेक्टरचं तळं आहे. ते आणखी २ मीटर खणलं, म्हणजे २० लाख घनमीटर गाळमाती उपसली आणि वाहून नेली. पावसाळ्याच्या सुरुवातीला तो खड्डा भरला. त्यानंतर, तळं काठोकाठ असताना, खरा मुसळधार पाऊस आला तर त्या खोलीचा पुरासाठी काडीचा उपयोग नाही, कारण ती आधीच पाण्यानं भरलेली आहे. पुराचं पाणी मावतं ते भरलेल्या तळ्याच्या वर आणि कडेला. त्याच तळ्याला अर्धा मीटर वर चढायची मोकळीक असेल, तर नुसत्या १०० हेक्टरांवर ५ लाख घनमीटर, म्हणजे ५० कोटी लिटर पाणी थांबून राहतं आणि पाऊस ओसरल्यावर सावकाश निघून जातं. सपाट काठावर ते पसरलं तर आणखी कितीतरी. पूर पेलण्याच्या बाबतीत असं तळं घागरीपेक्षा परातीसारखं असतं: त्याची सगळी ताकद पसरटपणात. आपण परातीचा काठ कापतो, बुड खोल करतो आणि पाणी वस्तीत शिरलं की पावसाला दोष देतो.

त्या काठाबद्दल थोडं जवळून बोलायला हवं. नकाशावर काठ म्हणजे एक रेघ. प्रत्यक्षात उथळ तळ्याला रेघ नसते, पट्टा असतो. शंभराला एक अशा उताराच्या काठावर पाण्याची पातळी ३० सेंटिमीटर खाली गेली की ३० मीटर रुंदीची जमीन उघडी पडते. आत घोटाभर पाणी, मग चकाकणारा मऊ चिखल, मग भेगा पडू लागलेला गाळ, मग लव्हाळं आणि रामबाणाची दाटी. त्या चिखलात नखाएवढ्या लाल अळ्या असतात. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून प्राणवायू जवळजवळ नसलेल्या गाळातही त्या तग धरतात. त्यांच्यासाठी तुतवार पक्षी येतात, आणि तुतवाराला दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त पाणी चालत नाही. त्याच्या पुढे, जरा खोल पाण्यात, शेकाट्या आपल्या लांब गुलाबी पायांवर उभा असतो. चमचा पक्षी त्याहून आत चोच डावी-उजवीकडे फिरवत चालतो. प्रत्येकाच्या पायांची लांबी म्हणजे त्याला चालणाऱ्या पाण्याची खोली. पाणी रोज थोडं मागे हटतं तशी ही सगळी वस्ती रोज थोडी सरकते.

या पट्ट्याचं काम फक्त पक्ष्यांपुरतं नाही. कधी ओला, कधी कोरडा होणाऱ्या या मातीतले जिवाणू पाण्यातल्या नायट्रेटचं नायट्रोजन वायूत रूपांतर करतात आणि तो हवेत सोडून देतात. आजूबाजूच्या जमिनीवरून वाहत येणारं गढूळ पाणी लव्हाळ्यात अडतं. दगडी पिचिंग केलं की हे सगळं एका फटक्यात जातं. पाणी ३० सेंटिमीटर खाली गेलं की उभ्या भिंतीवर ओल्या दगडाची ३० सेंटिमीटरची पट्टी दिसते, बस्स. तिथे अळी राहत नाही, लव्हाळं रुजत नाही, पाणी गाळलं जात नाही.

अमेरिकेत ऑर्लँडोजवळच्या अपॉप्का तळ्याचा किस्सा या बाबतीत डोळे उघडणारा आहे. १९४०च्या दशकात त्याच्या उत्तरेकडची दलदल बांध घालून तोडली गेली आणि तिथे भाजीपाल्याची शेती उभी राहिली. दलदल म्हणजे वाया गेलेली जागा, असंच तेव्हा वाटत होतं. शेतातलं खतमिश्रित पाणी तळ्यात उपसून टाकलं जाऊ लागलं. १९४७ पासून त्या नितळ तळ्यात शेवाळाचा हिरवा बहर येऊ लागला आणि तळावरच्या वनस्पती नाहीशा झाल्या. १९९०च्या दशकात सरकारनं ती शेतं सार्वजनिक पैशातून विकत घेतली, जेणेकरून तिथे पुन्हा दलदल करता यावी. मूळचा काठ फुकट होता. गेलेला काठ परत मिळवायला एका सरकारचा खजिना आणि कित्येक दशकं लागली.

उथळपणा कामाला लावता येतो याचं सर्वांत मोठं उदाहरण आपल्याच देशात, कोलकात्याच्या पूर्व कडेला आहे. तिथल्या १२,५०० हेक्टरांच्या पाणथळ प्रदेशाला २००२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. शहराचं सांडपाणी तिथल्या उथळ भेड्यांमध्ये, म्हणजे मासेमारीच्या तळ्यांमध्ये, सोडलं जातं. पाणी इतकं कमी खोल की ऊन सगळीकडे पोचतं. उन्हावर शेवाळ प्राणवायू सोडतं, त्या प्राणवायूवर जिवाणू घाण कुजवतात, मासे शेवाळ खातात आणि ते मासे शहरात परत विकायला जातात. ही व्यवस्था कोणा तज्ज्ञानं आखून दिलेली नाही, तिथल्या मच्छीमारांनी आणि शेतकऱ्यांनी ती घडवली. ध्रुवज्योती घोष या सरकारी अभियंत्यानं तिचं मोल जगापुढे मांडलं आणि आयुष्यभर तिच्या बाजूनं झगडला. १९९२ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयानं तिथल्या जमिनीचा वापर बदलायला मनाई केली, नाहीतर आज तिथे टॉवर दिसले असते. यावरून कुठल्याही तळ्यात सांडपाणी सोडावं असा अर्थ कोणी काढू नये. पाणी किती, कधी, किती वेळ ठेवायचं हे जाणणारी माणसं रोज राबतात म्हणून तिथे ते जमतं.

त्या माणसांशिवाय आणि त्या मोजमापाशिवाय काय होतं ते बंगळुरूच्या बेळ्ळंदूर तळ्यानं दाखवलं. रस्त्यावर उडणारा फेस, फेब्रुवारी २०१७ आणि पुन्हा जानेवारी २०१८ मध्ये तळ्यावर लागलेली आग. पाण्याच्या जागेला आग लागते! अशा तळ्याभोवती कितीही सुंदर कठडा बांधला तरी नाल्यातून येणारं मैलापाणी जोवर थांबत नाही तोवर त्याचा काय उपयोग? आणि इथेच माझी अधिकाऱ्यांशी आणि लोकप्रतिनिधींशी खरी तक्रार आहे. नाल्याचं काम जमिनीखालचं असतं. वस्तीवस्तीत जाऊन जोडण्या शोधाव्या लागतात, शुद्धीकरण केंद्र वर्षानुवर्षं चालवावं लागतं, आणि त्याची फीत कापता येत नाही. कठड्याची कापता येते. म्हणून पैसा उलट्या क्रमानं खर्च होतो: आधी काठ, मग गाळ, आणि नाल्याला कधीच निधी नसतो.

गाळ कधीच काढू नये असं मात्र मी म्हणणार नाही. स्वीडनमधल्या व्हेक्श्यो शहरालगतचं ट्रुमेन हे असंच उथळ तळं, सांडपाण्यानं सडलेलं. १९५०च्या दशकाच्या अखेरीस सांडपाणी दुसरीकडे वळवलं, पण दहा वर्षं झाली तरी पाणी सुधारेना, कारण गाळातच इतकं फॉस्फरस साचलं होतं. तेव्हा १९७० आणि १९७१ अशी दोन वर्षं वरचा पोषकद्रव्यांनी भरलेला काळा थर शोषून काढला गेला, दर वर्षी साधारण अर्धा मीटर. गाळासोबत आलेलं पाणी ॲल्युमिनियम सल्फेटनं शुद्ध करून मगच तळ्यात सोडलं. काम संपल्यावर तळ्याची सरासरी खोली १.१ मीटरवरून १.७५ मीटरच्या आसपास गेली. म्हणजे त्यानंतरही ते उथळच राहिलं. आधी सांडपाणी बंद झालं, मग वाट पाहिली, मग गाळाची तपासणी झाली, मग नेमका तो वरचा थर तेवढा काढला. आपल्याकडच्या निविदेत घनमीटरवर पैसे असतात. जितकं जास्त खणाल तितकं बिल मोठं. हा एक नियम बदलला तरी अर्धी तळी वाचतील असं मला वाटतं.

डासांची तक्रार खरी आहे, तिला हसण्यावारी नेऊ नये. पण डास होतात ते साचलेल्या, सडक्या पाण्यात आणि जलपर्णीच्या दाट थराखाली, जिथे त्यांच्या अळ्या खाणारे मासे आणि चतुरांची पिल्लं जगू शकत नाहीत. जलपर्णी माजते तीही सांडपाण्यातल्या खतावरच. म्हणजे डासांचा उपायही पुन्हा नाल्याकडेच नेतो.

फिरायला जागा हवी, ही मागणीही मला मान्य आहे. दाट वस्तीतल्या माणसाला मोकळं पाणी आणि आभाळ दिसलं पाहिजे, म्हाताऱ्यांना बसायला बाक हवेत, मुलांना पक्षी दिसायला हवेत. फक्त ती वाट पुराच्या रेषेच्या बाहेरून जावी. एखाद्या ठिकाणी लाकडी फळ्यांचा मचाण आत नेला तर पाण्याजवळही जाता येईल, पण सगळा काठ फरशीचा करायची गरज नाही. मुंबईत पवई तलावाच्या काठी महापालिकेनं सुरू केलेला सायकलिंग आणि जॉगिंगचा मार्ग मुंबई उच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवला आणि काढून टाकायला सांगितला. सायकल चालवण्याला कोणाचाच विरोध नव्हता, प्रश्न तो मार्ग कुठून जातो याचा होता.

सीमेचा प्रश्न सगळ्यांत अवघड, कारण तिथे जमिनीचा भाव येतो. उन्हाळ्यात आखडलेलं पाणी पाहून मोजणी केली की चिखलाचा पट्टा सरकारी कागदावर पडीक जमीन होतो आणि पडीक जमिनीला गिऱ्हाईक लगेच मिळतं. मेक्सिको सिटीनं टेक्सकोको तळ्याच्या बाबतीत हे चार शतकं केलं. १६०७ मध्ये पाणी बाहेर काढायला सुरुवात झाली, तरी १६२९च्या पुरानं शहर सुमारे पाच वर्षं पाण्यात राहिलं. पुढे तळं आटवलं, त्या तळावर शहर पसरलं, खालचं भूजल उपसलं आणि शहराचे काही भाग विसाव्या शतकात नऊ मीटरहून जास्त खचले. १९८५च्या भूकंपात सर्वाधिक हानी झाली ती त्याच मऊ तळावरच्या इमारतींची. इतकं होऊनही उरलेल्या तळावर नवा विमानतळ बांधायला घेतला गेला. तो २०१८ मध्ये रद्द झाला आणि २०२२ मध्ये ती जागा संरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर झाली.

कंबोडियाची राजधानी नॉम पेनमधल्या बोएंग काक तळ्याच्या वाट्याला हेही आलं नाही. २००७ मध्ये ते ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिलं गेलं, पुढच्याच वर्षी त्यात वाळू भरायला सुरुवात झाली आणि काठावरच्या हजारो कुटुंबांना घर सोडावं लागलं. तळ्याच्या चर्चेत या माणसांचा उल्लेख शेवटी येतो किंवा येतच नाही. मासे धरणारे, लव्हाळं कापणारे, पाणी ओसरल्यावर गाळपेर करणारे, म्हशी चारणारे. पाणी कधी कुठवर येतं हे त्यांना तोंडपाठ असतं. सुशोभीकरण झालं की कुंपणाबाहेर पहिल्यांदा तेच पडतात.

भारताच्या २०१७च्या पाणथळ नियमांत सीमेचं उत्तर खरं तर दिलेलं आहे. पाणथळ जागेलगत कायमस्वरूपी बांधकाम करायचं नाही ते गेल्या दहा वर्षांच्या सरासरी उच्च पूररेषेपासून ५० मीटरपर्यंत. अंतर मोजायचं ते भरलेल्या पाण्यापासून, आटलेल्या नव्हे. अडचण एवढीच की हे संरक्षण लागू व्हायला तळं आधी अधिसूचित व्हावं लागतं, आणि पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी किंवा करमणुकीसाठी मुद्दाम बांधलेली तळी या नियमांच्या व्याख्येतूनच वगळली आहेत. शहरांच्या कडेची कितीतरी जुनी तळी कधीतरी कोणीतरी बांध घालूनच केलेली असतात. तेव्हा पुढच्या वेळी तुमच्या शहरात तळ्याच्या विकासाचा आराखडा हरकतींसाठी खुला होईल, तेव्हा कारंज्याची उंची विचारू नका. पूररेषा कोणत्या महिन्यात मोजली ते विचारा, तळ्यात येणाऱ्या प्रत्येक नाल्याचं पाणी कुठे शुद्ध होणार आणि त्यासाठी किती रक्कम ठेवली आहे ते विचारा, गाळाची तपासणी झाली असेल तर तिचा अहवाल मागा. ही उत्तरं लेखी मिळेपर्यंत तळ्यात एकही पोकलेन उतरू देऊ नका.